चार का आठ

सर, तुमच्या शोकसभेत तुमचं मशीन मी बंद केलं. हे आधी सांगून टाकते, कारण आडवळणानं गेले तर पुन्हा तोंडातल्या तोंडात राहील. तीन आठवडे राहिलंच आहे.

तुम्ही शनिवारी सकाळी गेलात. सोमवारी अकरा वाजता सगळे आपल्या लायब्ररीत जमले. आता लायब्ररी म्हणायचं तरी काय, अंध माणसांसाठी पुस्तकं आवाजात भरून देणारी एक लहानशी संस्था, तीन खोल्या, त्यात मशीनची खोली तेवढी थंड. परभणीचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. माणसं चाळीसएक आली, म्हणून खुर्च्या तिथंच मांडल्या. तुमचा फोटो ठेवायला टेबल उरलं नाही, तर मशीनच्याच कपाटाला टेकवला आणि हार घातला. अध्यक्षकाका बोलले, लय चांगलं बोलले. मग म्हणाले, ‘आता आपण दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू.’ सगळे उभे राहिले. आणि मशीन आपलं घरघर, घरघर. काकांनी माझ्याकडं बघितलं, हळूच म्हणाले, ‘सुरेखा, ते जरा बंद कर गं. दोन मिनिटं तरी शांतता पाहिजे.’

मी वाकले आणि मेन बटण दाबलं.

तिथंच तुमच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता, ‘बंद करू नये. कुणीही. मीसुद्धा.’ तो नेमका तुमच्या फोटोमागं झाकला गेला होता. पण सर, मी काय तो कागद पहिल्यांदा बघणार होते का? सहा वर्षं रोज वाचत होते. डोळ्यांत पाणी होतं, नाक गळायलं होतं, आणि मोठ्या माणसानं सांगितलं की माझा हात आपोआप पुढं जातो, लहानपणापासूनची खोड. मला दुसरं काही कारण सापडत नाही. ती दोन मिनिटं अशी शांत होती की बसस्टँडवर कंडक्टर ‘बोरी, जिंतूर, बोरी, जिंतूर’ ओरडायला होता तेही खोलीत ऐकू आलं. मला तर वाटलं, चला, सरांना बरं वाटलं असेल. कप्पाळ माझं.

मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते दारात. आयटीआयमध्ये वायरमन शिकवून निवृत्त झाला होतात, मूळ वालूरचे, म्हणून वालूरकर सर. म्हणालात, ‘काही काम हाय का? पगार नको. घरी बसलो तर बायकोच्या मधीमधी येतो.’ मी तेव्हा नवीनच टायपिंगला लागले होते, बारावी पास, पोखर्णीहून रोज येणं-जाणं. मला वाटलं, आले अजून एक उंटावरचे शहाणे, दोन दिवस सल्ले देतील आणि जातील. तुम्ही गेला नाहीत. आल्या आल्या पंख्याचा खटका नीट केलात, मग घंटीची वायर, मग म्हणालात, ‘अन् ही म्हातारी कोण?’

म्हातारी म्हणजे आपला सर्व्हर. पुस्तकांचे आवाज कसे साठवलेत, कुठलं पुस्तक कुणाकडं गेलं, वाचकांची नावं, सगळं तिच्या पोटात. ते सॉफ्टवेअर ज्या पोरानं लिहिलं होतं तो कधीच परदेशी गेला. दुसऱ्या कुठल्या मशीनवर ते चालत नाही आणि म्हातारीचं पोट तर भरत आलेलं. अशात हैदराबादच्या एका कंपनीनं त्यांचं जुनं साठवणीचं कपाट आपल्याला दान दिलं. लोक आंधळ्यांना दान देतात ते असंच, स्वतःला नको झालेलं. टेम्पोतून उतरवलं तेव्हा चार माणसं लागली. मी वायर हातात घेऊन म्हटलं, ‘सर, याची पिन त्यात बसंना.’

‘बसणारच न्हाई,’ तुम्ही खाली मांडी घालून म्हणालात. ‘ही पंगत हाय अन् ते बफे.’

‘काय?’

‘बस इथं. आपली म्हातारी जुन्या वळणाची. हिच्या जोडणीला म्हणतेत स्कझी. स्कझी म्हणजे पंगत. एका ओळीत बसायचं, ज्याला त्याला पाटाचा नंबर, शून्यापासून पंधरापर्यंत. सातव्या पाटावर यजमान स्वतः, तिथं दुसऱ्यानं बसायचं न्हाई. एका पाटावर दोघं बसले की भांडण, अन् भांडण झालं की सगळी पंगत उपाशी.’

‘आणि टोकाला हे काय लावलंय?’

‘बूच. पंगत कुठं संपली ते वाढणाऱ्याला कळाया नको? बूच नसलं तर तो भात घेऊन सरळ भिंतीवर आदळतो, अन् तोच भात घेऊन उलटा येतो. मग कुणाच्या पानात काय पडलं, देवाला ठाऊक.’

‘आणि हे हैदराबादचं?’

‘हे फायबर चॅनेल. हे बफे. पाट न्हाई, ओळ न्हाई. जो तो आपलं सोळा अक्षरी नाव छातीवर लावून येणार अन् काउंटरवरून उचलून घेणार.’

‘मग म्हातारीनं जाऊन उचलायचं ना!’

‘गुडघे गेलेत तिचे,’ तुम्ही म्हणालात. ‘तिला पाटावरच आणून द्याया पाहिजे.’

सर, मी पुढं कॉम्प्युटरचा कोर्स केला, परीक्षा पास झाले. पण मला अजून स्कझी म्हटलं की पत्रावळ दिसते आणि फायबर म्हटलं की हातात प्लेट घेऊन उभी असलेली माणसं. त्या कोर्सच्या सरांना मी हेच सांगितलं तर वर्गातली पोरं खो खो हसली. ते सर मात्र म्हणाले, बरोबर आहे, कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या वालूरकर सरांनी. लय ताठ मानेनं सांगितलं.

मग तुम्ही हैदराबादला जुन्या सामानाच्या बाजारात जाऊन एक डबा घेऊन आलात. एका बाजूला जाड स्कझीची वायर, दुसऱ्या बाजूला बारीक नारंगी फायबर. त्यावर मार्करनं लिहिलंत, ‘वाढपी’. हा म्हणे बफेच्या काउंटरवर जाऊन उचलणार आणि म्हातारीच्या पंगतीत आणून वाढणार. किती दिवस बसला होतात त्याच्यापुढं! एकदा नंबर चुकला, एकदा बूच दोनदा लागलं, एकदा वाढपी म्हातारीच्याच सातव्या पाटावर जाऊन बसला आणि सगळं ठप्प. मी म्हटलं, ‘सर, सोडा की. नसता उद्योग.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘तू पोहे आण.’

आणि एका दुपारी म्हातारीच्या पडद्यावर हैदराबादच्या डिस्का दिसायला लागल्या. तुम्ही ओरडला नाहीत, काही नाही. नुसतं म्हणालात, ‘हिला वाटायलंय की ते पाहुणे हिच्याच पंगतीला बसलेत. बिचारीला पत्ताच न्हाई.’ आणि इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मी तुमच्यासारखं हसताना दुसऱ्या कुणाला बघितलं नाही. त्या दिवसापासून मला तुम्ही ‘इंजिनिअरबाई’ म्हणायला लागलात. पोखर्णीत माझ्या वडलांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना खरंच वाटलं की मी इंजिनिअर झाले.

आता भांडणाचं बोलू. आपलं भांडण अर्धंच राहिलं ना.

वाढप्याला कुठल्या पाटावर कोण हे लक्षात ठेवावं लागतं, आणि त्याची ती आठवण एका गोटीएवढ्या सेलवर चालते. तो सेल केव्हाच मेला होता. तुम्हीच दाखवलंत मला. ‘सेल बदलायचा तर डबा उघडावा लागतो, उघडायचा तर बंद करावा लागतो, अन् बंद केला की हा सगळं विसरतो. तवा चालू हाय तवर चालू.’ म्हणून तो कागद. म्हणून तो इन्व्हर्टर. मी म्हणायची, ‘सर, असं किती दिवस? भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. भंगारात घाला ही सगळी जत्रा, खिशात मावेल एवढ्या डिस्कवर उतरवून घेऊ.’ तुम्ही म्हणायचात, ‘तेच तर म्हणायलोय मी. बैल गेला अन् झोपा केला असं व्हायला नको. एक रविवार दे. दोघं बसू. एकानं पुस्तकाचं नाव वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून तपासायचं, अन् एकेक उतरवत जायचं. एकट्याचं काम न्हाई ते.’

म्हणजे बघा, दोघंही एकच म्हणत होतो आणि भांडत होतो. फरक एवढाच की तुम्हाला रविवार पाहिजे होता आणि मला तो द्यायचा नव्हता.

पहिल्या रविवारी भाचीचा साखरपुडा होता. ते खरं होतं. दुसऱ्या रविवारी मी म्हटलं पाय मुरगळलाय. तो मुरगळला नव्हता, सर. मी घरी लोळत पडले होते आणि शेजारणीशी गप्पा मारत शेंगा सोलत होते. सोमवारी तुम्ही विचारलंत, ‘पाय कसा हाय?’ आणि मी लंगडून दाखवलं. तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलंच नाहीत. नुसतं म्हणालात, ‘हुईल की. दिवाळीनंतर.’ तो लंगडा पाय मला आता रोज आठवतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी तुम्ही मला झापायला पाहिजे होतं.

तर तुम्ही गेलात, मी बटण दाबलं, दोन मिनिटांनी परत दाबलं. हैदराबादचं कपाट उठलं. म्हातारी उठली, पण उठताना पोटात असं काही करकरलं की अध्यक्षकाका दारापर्यंत गेलेले परत वळले. आणि वाढपी उठला तो कोरा. त्याला काहीच आठवेना. म्हातारीच्या पडद्यावर एक ओळ: डिस्क सापडत नाही. लोक चहा पिऊन निघाले, मी तुमच्या फोटोचा हार नीट करायचं नाटक करत तिथंच उभी राहिले.

पुण्याचा तो इंजिनिअर, अडलं की तुम्ही इथल्या फोनवरून विचारायचात तो, त्याला विचारलं. आधी त्याचा विश्वासच बसेना. ‘मॅडम, ते बॉक्स अजून चालू होते?’ मग भला माणूस, तासभर फोनवर बोलला. म्हणाला, वाढप्याला परत सांगावं लागेल कुठल्या पाटावर कोण. बाकीच्या पाटांचं कळलं, पण पुस्तकांचा जो मोठा साठा आहे तो सरांनी कुठल्या नंबरवर बसवला होता ते पक्कं पाहिजे. म्हातारी त्याच नंबरवर त्याला शोधणार. आणि दुसरं म्हणाला, ‘तिच्या पोटातली स्वतःची डिस्क करकर वाजते म्हणता ना? मग आता तिला बंद करू नका. नंबर लावल्यावर एकदा बंद-चालू करावंच लागेल, तेव्हा ती उठली तर एकदा उठेल. दोनदा नाही. विचार करून लावा.’

‘आणि ती गेली तर कपाटातली पुस्तकं?’

‘असतील तिथंच. पण उघडणारं कुणी नसेल.’

म्हणून मी तुमची डायरी मागायला तुमच्या घरी काकूंकडं गेले. तुम्ही जाऊन चार दिवस झाले होते. काकूंनी डायरी शोधून दिली, चहा दिला, आणि मग मला म्हणाल्या, ‘सुरेखा, त्या मशीनमध्ये यांचा आवाज आहे ना? एकदा ऐकवशील? माझ्याकडं नाही गं. फोनवर यांचं हं, हं, ठेवतो. कुठं व्हिडिओ नाही, काही नाही. लग्नाच्या कॅसेटवर नुसती सनई आहे.’

मी म्हटलं, ‘ऐकवते की काकू.’ असं म्हटलं मी. बटणाचं काही बोलले नाही.

तुमचा आवाज! लायब्ररीत एवढे लोक वाचून गेले, मास्तरीणबाई, वकील, रेडिओवर बोललेले, पण तुमच्या वाचनाची मागणी वेगळीच. पहाटे घरी बसून रेकॉर्डरवर वाचायचात, इथं आणून मशीनवर उतरवायचात आणि रेकॉर्डर पुसून पुढचं वाचायला घ्यायचात. बाहेर वाचकांना मेमरी कार्डं जातात तीही परत आली की मी पुसते, त्यावर नवं भरून पाठवते, ही आपली रीतच. शेवटची कार्डं शुक्रवारी परत आली, ती मी लगेच पुसून ठेवली. तुम्ही शनिवारी गेलात. म्हणजे तुमचा आवाज जगात उरला तो फक्त त्या कपाटात, ज्याचा पाट वाढपी विसरला.

डायरी उघडली. सगळं लिहिलेलं होतं, तुमच्यासारखा व्यवस्थित माणूस. पाटांची यादी, वायरींचे रंग, इंजिनिअरचा नंबर. आणि शेवटच्या ओळीत, ‘पुस्तकं, पाट’ आणि पुढं एक आकडा.

सर, तो चार आहे का आठ?

तुम्ही तारीख मराठीत लिहायचात आणि फोन नंबर इंग्रजीत. एकाच ओळीत सुद्धा दोन्ही. मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांच्यात फरक काय तर डोकं उघडं का मिटलेलं. आणि तुमचा तो आकडा, अर्धवट मिटलेला. पेन उचलताना जरासं ओढलं गेलंय. चार म्हणावं तर वरून शाई टेकलीय. आठ म्हणावं तर टेकलीय का नाही कळत नाही. त्याच पानावर एक पाट ५ लिहिलाय मराठीत आणि एक पाट 6 लिहिलाय इंग्रजीत, म्हणजे तिकडूनही काही कळायला मार्ग नाही. मी उन्हात धरून बघितलं. मागून बघितलं. फोनवर फोटो मोठा करून बघितला, तर नुसते शाईचे ठिपके. तुम्ही सगळ्या दुनियेच्या वायरी सुतासारख्या सरळ केल्यात आणि एक आकडा नीट लिहिता आला नाही तुम्हाला! लय राग आला मला. डायरी मिटून मी तुम्हाला मोठ्यानं म्हटलं, ‘काय हे सर!’ आणि मग रडले.

इंजिनिअरला विचारलं, दोन्ही पाटांवर बसवू का? चारवर पण आणि आठवर पण? तो म्हणाला, ‘एक माणूस दोन पाटांवर? म्हातारी दोघांना वेगळं समजेल, दोन्हीकडून वाढेल, सगळं कालवून जाईल. असं अजिबात करू नका.’ मुंबईला एक लॅब आहे म्हणे जी असलं काही काढून देते, पण ते आपल्या ऐपतीच्या बाहेरचं आणि खात्री तरीही नाही.

मग दोन आठवडे मी काहीच केलं नाही. सकाळी यायचं, कुलूप उघडायचं, म्हातारी घरघरत असायची, तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. एखाद्या पेशंटच्या उशाशी बसावं तसं. दुपारी एकदा वाटायचं चारच. चार वाजता वाटायचं आठच. तुम्ही असता तर एका सेकंदात सांगितलं असतं, वर हसला असता, ‘इंजिनिअरबाई, एवढं पण वाचता येईना?’ पण तुम्हीच नाहीत म्हणून तर हे सगळं. ज्याला विचारायचं तोच गेलाय, हे मला रोज नव्यानं कळायचं. दुसरं कुणी नाही हो, सर. परभणीत नाही, नांदेडात नाही. मी सगळीकडं विचारलं.

काल गुरुवार. काकू स्वतः आल्या, रिक्षानं, डबा घेऊन. म्हणाल्या, ‘घरात करमत नाही. झालं का गं?’ आणि माझ्याच्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं. शोकसभा, काका, बटण, कागद. मुरगळलेला पाय पण सांगितला. मला वाटलं उठून जातील.

काकूंनी हातातला डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘त्या दोन मिनिटांत मी पण तिथंच उभी होते की. मला तर ती घरघर थांबलेली बरी वाटली होती.’

मी डायरी पुढं केली. त्यांनी चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं. ‘यांचा चार आणि आठ मला बेचाळीस वर्षांत कळला नाही. गॅसचा नंबर लावायचा तर दुसऱ्याच्या घरी फोन जायचा.’ आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, ‘आठ लाव.’

‘कशावरून काकू?’

‘कशावरून म्हणजे? कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे ना. बंद तू केलंस, नंबर मी सांगते. चुकलं तर म्हण, काकूंनी सांगितलं. तुझ्या एकटीच्या डोक्यावर कशाला?’

सर, अशी बाई तुमच्या घरात होती आणि तुम्ही म्हणायचात की मी तिच्या मधीमधी येतो.

मी वाढप्याला आठ सांगितला. प्रत्येक अक्षर तीनतीनदा तपासलं. त्याआधी सेल पण नवा घातला, तुमच्या ड्रॉवरमध्ये होता, पुडक्यावर तुम्ही ‘दिवाळीनंतर’ असं लिहून ठेवलं होतं. मग म्हातारीला बंद केलं. देवाचं नाव घेतलं, तुमचंही घेतलं आणि चालू केलं.

खर्र झालं. मग टक. टक. टक. मग ते पण थांबलं. पंखे फिरत राहिले आणि पडदा काळाच राहिला. तिच्या पोटातली स्वतःची डिस्क उठलीच नाही. चार का आठ, हे तिनं विचारलंच नाही, सर. तिथपर्यंत ती पोचलीच नाही. एवढे दिवस मी ज्या आकड्यावरून जीव काढला तो बरोबर होता का चूक, ते आता कधीच कळणार नाही. मी परत एकदा बटण दाबलं, परत दाबलं. काकूंनी माझा हात धरून खाली घेतला. ‘बास,’ म्हणाल्या. पुण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘गेली मॅडम.’ आणि सॉरी म्हणाला, जणू त्याचीच चूक होती.

आम्ही दोघी तशाच बसलो होतो. डबा उघडलाच नव्हता. तेवढ्यात लायब्ररीचा फोन वाजला.

मला माहीत होतं कुणाचा. बोरीच्या गयाबाई मावशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हापासून तुमच्या श्रोत्या. तुम्ही त्यांच्यासाठी ते जुनं समुद्रप्रवासाचं पुस्तक वाचत होतात, दर गुरुवारी जिंतूरच्या बसमध्ये कंडक्टरकडं कार्ड द्यायचं, शुक्रवारी ते परत यायचं, अर्धं पुस्तक झालेलं. दोन गुरुवार त्यांचा फोन आला आणि दोन्ही वेळा मी ‘मशीन बिघडलंय मावशी’ एवढंच सांगून ठेवला. कालही तेच सांगितलं असतं. पण काकू समोर बसल्या होत्या, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

‘सुरेखाबाई का? झालं का मशीन नीट? मास्तर कवा धाडायलेत पुढलं?’

‘मावशी, सर गेले.’

‘कुठं?’

‘वारले मावशी. तीन आठवडे झाले. मला सांगणं झालं नाही.’

पलीकडं नुसती कोंबडी ओरडायलेली ऐकू येत होती. मग मावशी म्हणाल्या, ‘मला वाटलंच हुतं. मास्तर असा उशीर लावनारे न्हवते.’ आणि जरा थांबून, ‘अन् त्यांचा आवाज? तो तर हाय न्हवं मशीनीत?’

‘तोही गेला मावशी. आत्ताच. आता निघत नाही.’

‘समदा?’

‘सगळा.’

‘अगं बाई.’ मग म्हणाल्या, ‘म्हंजी आता मला याद हाय तेवढाच म्हना की.’ आणि सर, त्यांनी म्हणायला सुरुवात केली. ‘बंदर मागं पडलं तशी किनाऱ्यावरची माणसं आधी लहान झाली, मग नुसते त्यांच्या हातातले रुमाल दिसायला लागले.’ बाई बोरीची, बोलणं बोरीचं, पण वाचन तुमचं. तोच सावकाश सूर, वाक्याच्या शेवटी तसंच खाली येणं. पान उलटायच्या आधीचा तुमचा तो खाकरा, तो सुद्धा त्यांनी खाकरून दाखवला. काकूंनी मान वर केली. पदर तोंडावर धरला आणि फोनकडं बघत राहिल्या.

‘मी चार-चारदा ऐकायची ना,’ मावशी म्हणाल्या. ‘कार्ड परत द्यायचं म्हनून. समदं ध्यानात हाय. आवो, मधी एकदा तर बांगड्या वाजल्या बगा. कपबशीचा आवाज आला. अन् मास्तर वाचायचं थांबून म्हनले, ठेव तिथं, अन् बस की जराशी, ऐक. मग कुनीच बोललं न्हाई. लय येळ वाट बगितली मास्तरनं. अन् मग आपलं पुढं वाचाय लागले.’ मग त्यांनी विचारलं, ‘कोन हो त्या बाई?’

मी काकूंकडं बघितलं. काकू फोनवर वाकल्या.

‘ती मी,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी बसले नव्हते हो, मावशी. मला कुकर लावायचा होता.’